तिसरी

आमच्या चौघींत मी तिसरी.
वळणावरची.
पिस्तूल वाजतं ते पहिलीसाठी,
फीत असते ती चौथीच्या छातीसाठी,
तिसरीला नुसतं वळण.
डावीकडं झुकायचं, आतली रेघ सोडायची नाही,
उजव्या हातात जे आलंय ते
पुढचीच्या डाव्या हातात ठेवायचं
आणि थांबायचं.
थांबायला शिकवावं लागत नाही, आवटी सर म्हणायचे.
लागतं.

जुबेदा सतारमेकर पहिली, मिरजेची.
शाळेची बॅटन एकच, ती कपाटात, कपाटाला कुलूप,
म्हणून तिच्या अब्बांनी सतारीची उरलेली दांडी
फूटभर कापून दिली. तुणीचं लाकूड, वर पॉलिश.
हातातून निसटली की मुरमावर पडताना
वाजायची.
सरांना वळून बघावं लागायचं नाही.

दुसरी तारा इंगवले, साताऱ्याची.
अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पळून पळून
सपाट जमीन तिला थट्टा वाटायची.

चौथी शरयू लोंढे. तिचं काय सांगायचं,
पेपरात तीच आहे.
नीट बघितलं तर तिच्या खांद्यामागं लांब
एक ठिपका दिसतो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला.
तो पेपर मी अजून जपलाय.
ठिपक्यासाठी.

खुणेला चुना मिळायचा नाही.
दादा सांगलीच्या यार्डात हळदीच्या तोलाईवर,
सदऱ्याचा खिसा झाडला तरी मूठभर निघायची.
ती पुडीत बांधून न्यायची,
मागं बावीस पावलं मोजायची, पिवळी रेघ ओढायची.
तारा रेघेवर आली की सुटायचं.
मागं बघायचं नाही.
बघितलं की संपलं.
"घ्ये!"
(पुण्याच्या पोरी "हात" म्हणायच्या. म्हणू देत.)
आणि तळव्यावर लाकूड.

नाशिकला एकदाच चुकलं.
मी लवकर सुटले.
ताराला कधी सांगितलं नाही,
पण तिचा आवाज मला आदल्या रात्रीपासूनच ऐकू येत होता.
पडली ती खरी बॅटन, अल्युमिनियमची.
तिचा आवाजसुद्धा घाणेरडा.
परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही.
कराड सोडल्यावर तारानं भाकरी मोडली,
अर्धी माझ्याकडं सरकवली.
"घ्ये," म्हणाली.

मग खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी.
मिरज जंक्शन, पार्सल ऑफिस.
द्राक्षांच्या पेट्या, पेंढ्यात गुंडाळलेले तंबोरे, पावत्या.
इकडून घ्यायचं, तिकडं द्यायचं,
तुम्हाला सवय आहे बाई, साहेब हसायचे.
निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळाला सेकंदकाटासुद्धा नाही.
दशांशासाठी रडलेल्या बाईला.

परवा बाजारात भाजीवाली मागून कुणाला तरी म्हणाली, घे गं,
आणि माझा उजवा हात आपसूक मागं गेला,
तळवा उघडा, अंगठा ताणलेला.
तिनं त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली.
दहा रुपये गेले.

तारा गेल्याचं जुबेदानं फोनवर सांगितलं.
बोलता येईना, म्हणून मी मिरजेला गेले.
तिच्या माडीवर जुन्या खिडकीची फळी वर उचललेली,
खाली टेकू आमच्या दांडीचा.
पॉलिश गेलंय. मधोमध चौघींच्या घामाचा काळा पट्टा
आहे अजून, का मलाच दिसला.
"ने तू," जुबेदा म्हणाली
आणि ओढून काढली.

फळी आपटली. फाट्कन.

जुबेदा साठीची, दोन्ही गुडघे बदललेले,
तरी खांदा पुढं गेला तिचा, टाच उचलली.
मी हलले नाही.
पिस्तुलावर मी कधी सुटलेच नव्हते.

दांडी पुढं करून ती उभी.
पण जुबेदाच्या हातातनं मी कधी घेतलीच नव्हती.
मधले शंभर मीटर ताराचे असायचे.

"अगं धर की," ती म्हणाली,
"हात भरून आला माझा."